स्कॅफोल्ड म्हणजे काय? पेशी वाढवण्यासाठी भोकांची जाळी कशी डिझाइन करतात

उंदराच्या पाठीवर माणसाचा कान उगवलेला तो फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. दर काही महिन्यांनी तो कुठल्या तरी ग्रुपवर फिरून येतो आणि खाली लिहिलेलं असतं, "शास्त्रज्ञांनी जीन बदलून उंदराला कान उगवला." त्या उंदराचा असा कुठलाही जीन बदललेला नव्हता. कानात माणसाची एकही पेशी नव्हती. आणि त्या कानाने उंदराला काही ऐकूही येत नव्हतं.

खरं काय झालं होतं? अमेरिकेत चार्ल्स व्हॅकांती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिग्लायकॉलिक ॲसिडच्या बारीक धाग्यांची एक जाळी घेतली, तिला लहान मुलाच्या कानाचा आकार दिला, तिच्यात गुरांच्या कूर्चेच्या पेशी पेरल्या आणि ती जाळी उंदराच्या कातडीखाली ठेवली. पेशी वाढल्या, कूर्चा तयार झाली, धागे हळूहळू विरघळून गेले. १९९७ साली हा प्रयोग शोधनिबंध म्हणून छापून आला. ज्या धाग्यांची जाळी होती, तेच पॉलिग्लायकॉलिक ॲसिड त्याआधी कित्येक वर्षं डॉक्टर शरीरात विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरत होते.

मी भिवंडीचा. धागा आणि जाळी म्हटलं की आमचे कान आपोआप टवकारतात. त्यामुळे या लेखात आपण त्या कानापेक्षा आतल्या जाळीबद्दलच बोलूया. तिला म्हणतात स्कॅफोल्ड.

परांचीसारखंच, पण आतून

इमारत बांधताना बाहेरून बांबूची परांची बांधतात. गवंडी तिच्यावर उभे राहतात, भिंत वर जाते, काम झालं की परांची सोडतात. स्कॅफोल्डचं कामही तेच, फरक एवढाच की इथे परांची भिंतीच्या आत असते आणि गवंडी म्हणजे जिवंत पेशी. पेशी तिला धरून बसतात, वाढतात, आपल्याभोवती स्वतःचा मसाला घालतात, आणि बहुतेक डिझाइनमध्ये परांची नंतर आपोआप विरघळून जाते.

पण पेशी सपाट प्लॅस्टिकच्या बशीत वाढवता येतातच की, मग एवढा खटाटोप कशाला? कारण बशीत पेशी बिघडतात. याचं क्लासिक उदाहरण कूर्चेच्या पेशींचं आहे. गुडघ्यात त्या गोल असतात आणि कूर्चा बनवतात. बशीत ठेवून वाढवल्या की पसरतात, चपट्या होतात आणि काही पिढ्यांनी कूर्चा बनवणंच सोडून देतात. त्याच पेशी परत मऊ जेलमध्ये, चारी बाजूंनी आधार देऊन ठेवल्या, तर पुन्हा गोल होऊन कामाला लागतात. म्हणजे पेशीला खायला काय मिळतं याच्या इतकंच ती कशाला टेकून बसली आहे हे महत्त्वाचं. नवं औषध बशीतल्या पेशींवर छान चालतं आणि शरीरात गेल्यावर फसतं, यामागचं एक कारण हेही आहे.

आधी एक कापड घ्या

आमच्या घरी एकेकाळी लूम होते. पप्पा कापडावर एक घडीची छोटी भिंग ठेवून एका इंचात किती धागे बसलेत ते मोजायचे. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्यात मॅक्रो मोड असेल तर हे तुम्हीही करू शकता. साधं, पातळ सुती कापड उजेडासमोर धरा, शेजारी पट्टी ठेवा, फोटो काढा, झूम करा आणि मोजा.

समजा एका इंचात ६० उभे धागे आणि ५२ आडवे धागे आहेत, आणि धागा ३० काउंटचा आहे. एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन. त्याला ६० ने भागलं की एका उभ्या धाग्याच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत साधारण ४२३ मायक्रॉन. आता धागा किती जाड? कापडवाल्यांचं जुनं सूत्र आहे. काउंटचं वर्गमूळ काढा, २८ ने गुणा आणि एका इंचाला त्याने भागा. ३० काउंटसाठी उत्तर येतं सुमारे १६६ मायक्रॉन. म्हणजे दोन उभ्या धाग्यांमध्ये रिकामी जागा उरली २५७ मायक्रॉन. आडव्या धाग्यांचं हेच गणित केलं की ३२२. थोडक्यात या कापडाचं एक भोक साधारण २५७ बाय ३२२ मायक्रॉनचं आहे. आपला केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे त्या भोकातून तीन-चार केस शेजारी शेजारी आरामात जातील.

आता गंमत बघा. हाडाच्या स्कॅफोल्डवर १९७० पासून जे काम झालं त्यात भोकाची खालची मर्यादा साधारण १०० मायक्रॉन मानली गेली. पुढे बऱ्याच अभ्यासांनी ३०० च्या वरच्या भोकांची शिफारस केली, कारण नव्या हाडासोबत रक्तवाहिन्याही आत शिरायला हव्यात. डब्लिनमधल्या एका गटाने २०१० मध्ये कोलॅजेनचे ८५ ते ३२५ मायक्रॉन भोकांचे स्कॅफोल्ड बनवून हाडाच्या पेशी वाढवल्या, तर सगळ्यात जास्त पेशी ३२५ वाल्यात मिळाल्या. म्हणजे आपल्या साध्या कापडाचं भोक हाडाच्या पेशींना चालेल अशा मापाचं निघालं! हे गणित मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोनदा तपासलं होतं.

मग सुती कापडाच्या घड्या घालून हाड का बनवत नाहीत? पहिली अडचण, सूत म्हणजे सेल्युलोज, आणि ते पचवणारं एन्झाइम आपल्या शरीरात नाही. परांची कायम आतच राहील. दुसरी अडचण जास्त मजेशीर आहे. एका कापडावर दुसरं ठेवलं की भोकावर भोक येत नाही, धागा येतो. दहा थर ठेवले की आरपार जाणारी वाट जवळपास बंद. प्रत्येक थरात भोक आहे, पण रस्ता नाही.

यावर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी काढलेला उपाय आमच्या गल्लीतल्या कुठल्याही मास्तराला लगेच कळेल. त्यांनी थर एकमेकांवर ठेवण्याऐवजी एकत्रच विणले. उभा धागा, आडवा धागा आणि वर-खाली जाणारा तिसरा धागा, असं तीन दिशांचं विणकाम त्यांनी एका खास छोट्या मागावर केलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात धागे विरघळणाऱ्या पॉलिमरचे होते, भोकं काहीशे मायक्रॉनची होती आणि विणलेल्या तुकड्याची ताकद खऱ्या कूर्चेच्या जवळपास जात होती. ताणा-बाणा तोच, फक्त तिसऱ्या दिशेला.

भोक मोठं की लहान?

इथून खरं डिझाइन सुरू होतं, आणि इथे प्रत्येक फायद्याची किंमत मोजावी लागते.

पेशीला ऑक्सिजन लागतो. शरीरात जवळपास प्रत्येक पेशीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या आत रक्ताची केशवाहिनी असते, कारण ऑक्सिजन स्वतःहून पाझरत त्याच्या फार पुढे जात नाही. स्कॅफोल्डमध्ये रक्तवाहिनी नाही. तुम्ही एक सेंटिमीटरचा ठोकळा पोषक द्रवात नुसता बुडवून ठेवला तर बाहेरच्या सालीतल्या पेशी मजेत आणि मधल्या मेलेल्या, असा प्रकार होतो. बाहेरून फोटो मात्र झकास येतो. म्हणून असा फोटो पाहिला की मी आधी ठोकळा मधून कापून दाखवलाय का ते बघतो. उपाय म्हणून पंपाने द्रव आरपार ढकलतात, पण त्यासाठी भोकं मोठी हवीत. एकूण रिकामी जागा तेवढीच ठेवून भोकांचं माप दुप्पट केलं, तर द्रव साधारण चौपट सहज वाहतो.

मग सगळी भोकं मोठीच करा ना? तर मग पेशींना चिकटायला जागा कमी पडते. रिकामी जागा तेवढीच ठेवून भोक दुप्पट केलं की आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ निम्म्यावर येतं. जळलेल्या जखमेवर लावायच्या कृत्रिम त्वचेत तर मोठं भोक चालतच नाही. यानास आणि बर्क यांनी १९८० च्या सुमारास कोलॅजेनपासून जे स्कॅफोल्ड बनवलं, त्यात जखम आक्रसू नये यासाठी भोकं साधारण २० ते १२५ मायक्रॉनच्या मधलीच लागतात असं दिसून आलं. तेच तंत्र पुढे इंटिग्रा नावाने बाजारात आलं. त्यामुळे कुणी "स्कॅफोल्डसाठी बेस्ट पोअर साइज किती" असं विचारलं तर आधी उलटा प्रश्न विचारा, कशासाठी?

ताकदीचं गणित तर अजून निर्दय आहे. स्कॅफोल्ड किती टक्के रिकामं आहे हे काढणं सोपं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन नावाचा पॉलिमर या कामात फार वापरतात. त्याचा एक घन सेंटिमीटरचा भरीव ठोकळा १.१४५ ग्रॅमचा भरतो. तेवढ्याच मापाचं तुमचं स्कॅफोल्ड ०.११५ ग्रॅम भरलं तर ते ९० टक्के रिकामं आहे. वजनकाटा आणि पट्टी, बस. पण स्पंजसारख्या पदार्थाचा ताठपणा घनतेच्या साधारण वर्गाने घसरतो. दहा टक्के पदार्थ उरला म्हणजे ताठपणा दहावा हिस्सा उरत नाही, शंभरावा उरतो. ८० टक्के रिकाम्या स्कॅफोल्डमध्ये तो पंचविसावा हिस्सा असतो. म्हणजे ८० वरून ९० वर जाताना, ऐकायला फक्त दहा टक्के, पण ताकद चौपट गेली.

भोकं आहेत, पण दारं आहेत का?

भोकं पाडायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे मीठ. चाळणीने एका मापाचे मिठाचे खडे वेगळे करायचे, त्यावर पॉलिमरचं द्रावण ओतायचं, सुकवायचं आणि मग पाण्यात ठेवायचं. मीठ विरघळून जातं, त्याच्या जागी भोक राहतं. मीठ कमी पडलं तर काही खडे पॉलिमरमध्ये एकटे अडकतात आणि बंद खोल्या तयार होतात. आणि दोन खडे जिथे एकमेकांना टेकले होते तिथेच दार पडतं, तेही बारीकसं. खोली ३०० मायक्रॉनची आणि दार ३० चं, असं सहज होतं. कागदावर लोक खोलीचं माप लिहितात. पेशीला आणि द्रवाला अडवतं ते दार.

दुसरी पद्धत बर्फाची. पॉलिमरचं पाण्यातलं मिश्रण गोठवायचं, बर्फाचे स्फटिक वाढले की पॉलिमर त्यांच्या मधल्या फटींत ढकललं जातं, मग बर्फ काढून टाकायचा. घरच्या फ्रीजरमध्ये सावकाश जमलेली कुल्फी खरखरीत लागते ना, तसंच इथे. हळू गोठवलं तर मोठे स्फटिक, मोठी भोकं. पटकन गोठवलं तर बारीक. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गुरुस्वामी कुमारस्वामी यांच्या गटाने याच मार्गाने असे स्पंज बनवले होते की जे दाबून चपटे केले तरी सोडल्यावर परत फुगून मूळ आकारात येतात.

तिसरी पद्धत थ्रीडी प्रिंटर, आणि इथे आमच्या लोकांचा शिरकाव होतो. तुम्ही कधी प्रिंटरच्या स्लायसरमध्ये इनफिलचा पर्याय पाहिला असेल तर त्यात "जायरॉइड" असतं. नासाच्या ॲलन शोन यांनी १९७० साली मांडलेला हा आकार. त्याचा अख्खा कोड एका ओळीत बसतो: साइन एक्स गुणिले कॉस वाय, अधिक साइन वाय गुणिले कॉस झेड, अधिक साइन झेड गुणिले कॉस एक्स. ही बेरीज एका ठरावीक आकड्यापेक्षा कमी असेल तिथे पदार्थ, जास्त असेल तिथे पोकळी. तो आकडा शून्य ठेवला तर जागा बरोबर निम्मी-निम्मी वाटली जाते. आकडा थोडा इकडेतिकडे केला की रिकामी जागा कमी-जास्त होते, पण एका मर्यादेपर्यंत सगळ्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्याच राहतात. बंद खोली होतच नाही. म्हणून स्कॅफोल्डवाल्यांना हा आकार एवढा आवडतो.

बनवलेलं स्कॅफोल्ड तपासतात मायक्रो सीटी स्कॅनने. त्यातून मिळते लहान लहान ठोकळ्यांची त्रिमिती ग्रिड, काही ठोकळे भरलेले, काही रिकामे. आता बाहेरून पाणी ओतलं तर कुठवर जाईल? कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी केली असेल तर "नंबर ऑफ आयलंड्स" आठवलं असेल. अगदी तेच, फ्लड फिल. बाहेरच्या रिकाम्या ठोकळ्यांपासून सुरुवात करा, शेजारच्या रिकाम्या ठोकळ्यात जा, जिथे पोहोचता आलं नाही ती बंद खोली.

मी शिकण्यासाठी रँडम भोकांची एक नकली ग्रिड बनवून हा कोड लिहिला तेव्हा पहिल्याच रनमध्ये जवळपास सगळी भोकं जोडलेली दिसली. मी खूश. नंतर लक्षात आलं की मी एका ठोकळ्याचे २६ शेजारी धरले होते, म्हणजे कोपऱ्याला कोपरा लागला तरी "रस्ता आहे" असं मानलं होतं. कोपऱ्यातून पाणीही जात नाही, पेशी तर दूरच. शेजारी ६ केले आणि आकडा धाडकन खाली आला. त्यानंतर अजून एक सुधारणा केली, एका बिंदूऐवजी पेशीएवढा, १५ मायक्रॉनचा गोळा फिरवून बघितला. आकडा आणखी खाली. ग्रिड तीच, उत्तरं तीन.

पाणी आत जायलाच तयार नाही

डिझाइन झकास, दारं मोठी, आणि तरीही पेशी आत जात नाहीत. असं का? भिवंडीत कोरं कापड पाहिलं असेल तर उत्तर माहीत आहे. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडावर पाणी टाकलं तर थेंब वर तसाच बसतो, कारण सुताचं मेण आणि खळ अजून निघालेली नसते. पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा स्वभावच तसा, पाण्याशी पटत नाही. भोकांत हवेचे बुडबुडे अडकून बसतात आणि पेशींचा द्रव बाहेरच थांबतो. म्हणून आधी अल्कोहोलमध्ये भिजवतात, किंवा सोड्याच्या द्रावणाने नाहीतर प्लाझ्माने पृष्ठभागाचा स्वभाव बदलतात.

निर्जंतुक करण्याचाही घोळ आहे. प्रयोगशाळेतली नेहमीची पद्धत १२१ अंशांच्या वाफेची. पॉलिकॅप्रोलॅक्टोन मात्र ६० अंशांच्या आसपास वितळतं. ताज्या चहात टाकलं तरी आकार सोडेल. मग त्याच्यासाठी गॅस, अल्कोहोल किंवा किरणं असे पर्याय शोधावे लागतात.

आत गेल्या, आता बाहेर कशा काढायच्या?

आतापर्यंत आपण धरून चाललो होतो की पेशी स्कॅफोल्डमध्येच राहणार. पण भिवंडीहून फार लांब नसलेल्या पवईत, आयआयटी मुंबईत, प्रश्न नेमका उलटा आहे.

तुम्ही नेक्सकार१९ चं नाव ऐकलं असेल. आयआयटी मुंबई, टाटा मेमोरिअल आणि इम्युनोॲक्ट यांनी विकसित केलेली भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटीत तिचं लोकार्पण झालं. परदेशातल्या किमतीच्या साधारण एक दशांशात ती मिळू लागली. या उपचारात पेशंटच्या रक्तातल्या टी पेशी काढतात, कॅन्सर ओळखता यावा म्हणून त्यांच्यात एक जीन घालतात, बाहेर त्यांची संख्या वाढवतात आणि त्याच पेशंटला परत देतात. वाढवणं आलं की थ्रीडी जाळी आली, कारण तिथे टी पेशींना शरीरासारखं वातावरण देता येतं. पण वाढलेल्या पेशी जिवंत, धडधाकट परत मिळाल्या नाहीत तर सगळं व्यर्थ. आजारी माणसाचं रक्त पुन्हा पुन्हा घेत बसता येत नाही, आणि त्याच्याकडे थांबायला वेळही नसतो.

आयआयटी मुंबईतल्या प्रा. प्रकृती तयालिया यांच्या गटाने हाच प्रश्न हातात घेतला आणि २०२५ मध्ये त्याबद्दलचं काम समोर आलं. त्यांची जाळी इलेक्ट्रोस्पिनिंगने बनवलेली. सिरिंजमधून पॉलिमरचं द्रावण सोडायचं, सुईला काही हजार व्होल्ट द्यायचे, आणि थेंब ओढला जाऊन केसापेक्षा कितीतरी बारीक धागा समोरच्या पत्र्यावर जमत जातो. एवढा बारीक धागा कुठलाही माग काढू शकणार नाही. अशा जाळीची भोकं सहसा फार लहान असतात, त्यामुळे बऱ्याच पेशी वरच बसून राहतात, चादरीवर पडल्यासारख्या. टी पेशी मात्र शरीरात फटीफटींतून पिळवटून जायला सरावलेल्या. त्या आत घुसतात आणि धाग्यांच्या मध्ये अडकून बसतात.

त्यांनी प्रयोगासाठी जुरकाट नावाच्या टी पेशी घेतल्या. माणसाच्या रक्ताच्या कॅन्सरमधून मिळालेल्या या पेशी प्रयोगशाळांमध्ये नमुना म्हणून वापरतात. त्या पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या जाळीत वाढवून मग तीन प्रकारे बाहेर काढून पाहिल्या. नुसत्या द्रवाच्या फवाऱ्याने धुऊन, ट्रिप्सिनसारख्या एन्झाइमने, आणि अॅक्युटेज नावाच्या जरा सौम्य एन्झाइमने. धाग्यांच्या अरुंद फटींत बसलेल्या पेशी नुसत्या धुण्याने नीट सुटत नव्हत्या. ट्रिप्सिनवाल्या पद्धतीत जास्त पेशी मेल्या. अॅक्युटेजने काढलेल्या जास्त जगल्या आणि पुढे पुन्हा एकत्र येऊन पुंजके करू लागल्या. टी पेशींच्या बाबतीत हे चांगलं लक्षण, कारण वाढण्याआधी त्या तसंच करतात. कडक एन्झाइम पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनंही कापू शकतं, आणि टी पेशीचं सगळं काम त्या प्रथिनांवरच चालतं.

हे काम अजून नमुना पेशींवरचं आहे. पेशंटच्या पेशी, मोठी जाळी, एका डोसला लागणाऱ्या कोट्यवधी पेशी, हे सगळं पुढे. आणि भोक किती ठेवायचं हा प्रश्न इथे पुन्हा नव्याने उभा राहतो. टी पेशी सात ते दहा मायक्रॉनची. भोक लहान ठेवलं तर तिला टेकायला भरपूर धागे मिळतात, पण ती अडकते. मोठं ठेवलं तर सहज निघते, पण मग आधार कमी आणि जाळी ढिली. हाडासाठी ३०० मायक्रॉन म्हणणाऱ्यांना पेशी कधीच परत काढायची नसते. पवईवाल्यांना प्रत्येक पेशी परत हवी आहे.